पुउहालेचे दगड

ट्रकच्या फळीत अडकलेला पांढरा तुकडा मेलेआनाने उपसून काढला, तेव्हा तिला तो हाडाचाच वाटला. मग तिने तो उजेडात धरून पाहिला. हाड नव्हतं. प्रवाळ होतं, झिजून गुळगुळीत झालेलं, मुठीत मावेल एवढं. आता हाड नाही म्हटल्यावर माणसाने सुटकेचा निःश्वास टाकावा की नाही? पण ती जास्तच घाबरली. भट्टीचे हे दगड वरच्या माळावरचे आहेत, कोरडे ठणठणीत, एक फुटायचा नाही, असं तिचा भाऊ केकोआ ट्रक रिकामा करताना सांगून गेला होता. आणि माळावर प्रवाळ आपोआप चढत नाही. ते कुणीतरी समुद्रावरून हातात धरून आणलेलं असतं, आणि आमच्याकडे एवढं वर माणसं ते उगाच आणत नाहीत. आपलं माणूस पुरलं, त्याच्या उशाशी ठेवायला आणतात.

तिच्या पाठीमागे शाळेच्या मैदानात भट्टी धडधडून पेटली होती. इमू म्हणतात तिला. खड्डा खणायचा, बाभळीची लाकडं रचायची, त्यांवर दगडांचा ढीग घालायचा आणि दगड लाल होईपर्यंत जाळ ठेवायचा. मग त्या लाल दगडांवर केळीचे ठेचलेले खुंट, त्यांवर मांसाच्या थाळ्या, वर पानं, भिजवलेली गोणपाटं, ताडपत्री आणि शेवटी माती. रात्रभर वाफ मातीखाली आपलं काम करते, आणि थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सकाळी उघडलं की मांस बोट लावताच हाडावरून सुटतं. गावातली माणसं, शेजारच्या गावातली माणसं, थेट हिलो शहराच्या बाजूची माणसंसुद्धा आपापली टर्की नि डुकराचं मांस थाळीत घालून, वर चिकटपट्टीवर नाव लिहून आज शाळेत आणून देणार होती. त्याचे पैसे शाळेला मिळायचे होते. आणि त्या पैशांवर शाळा जगणार की मरणार, ते ठरायचं होतं.

मेलेआना शाळेची कारभारीण. शिकवणारे दुसरे, हिचं काम पैसे आणणं. आधी ती किनाऱ्यावरच्या एका बड्या हॉटेलात हिशेबनीस होती. पगार चांगला होता, वर थंडगार ऑफिस. ते सोडून ती इथे आली. बेटाची जी जुनी भाषा तोंडातून निघाली म्हणून तिच्या आजीने शाळेत छड्या खाल्ल्या होत्या, त्याच भाषेत तिची मुलगी नापुआ इथे गणित शिकत होती. एवढं एक कारण तिला पुरलं.

पण कारणाने पोट भरत नाही. चार्टर शाळा म्हणजे सनदेवर चालणारी शाळा. सनद सरकार देतं, दर मुलामागे थोडे पैसेही देतं, पण डोक्यावर छप्पर घालायला छदाम देत नाही. जेवायला बोलवायचं नि पाट मांडायचा नाही, त्यातली गत. वर्ग भरायचे बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या गुदामात. पाऊस आला की मुलं बाकं घेऊन कोरड्या कोपऱ्यात सरकायची आणि तिथून धडा पुढे चालू. त्यात सनदेचं बघणाऱ्या आयोगाने यंदा बजावलं होतं, वर्ष संपायच्या आत बँकेत पुरेशी गंगाजळी दाखवा, नाहीतर सनद पुढे चालू ठेवणार नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मेलेआनाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरच्या एका फाउंडेशनला मुलांची प्रगती आलेखात काढून हवी होती, ती तिने काढून दिली. दुसऱ्या फाउंडेशनला गवताचे घागरे घातलेल्या मुलांचे फोटो हवे होते. आमची मुलं जीन्स घालतात, असं तिने कळवलं, त्यावर पुन्हा उत्तर आलं नाही. गाड्या धुऊन झाल्या, टी-शर्ट विकून झाले, गोड पाव विकून झाले. गावातल्याच माणसांनी किती पाव खायचे?

एक चेक मात्र आपल्या पायांनी चालत आला होता. पुउहाले टेकडीच्या उतारावर नवं हॉटेल उठत होतं, त्याचा साहेब स्वतः शाळेत आला, मुलांशी गोड बोलला, नि म्हणाला, नवी इमारत बांधून देतो, तुम्ही फक्त उद्‌घाटनाला मुलं पाठवा. पुउहालेवर गावची जुनी माणसं निजलेली आहेत, बुटक्या दगडी भिंतींच्या आत, कधीची ते कुणाला ठाऊक नाही. हॉटेलला हरकत घ्यायला शाळेची मुलं बांधकामाच्या मशीनसमोर रस्त्यात बसली होती, नापुआही बसली होती. पालकसभेत मेलेआनाच उभी राहिली. ज्या पैशाखाली आपली माणसं दबली जातात, त्या पैशाच्या वर्गात मी माझी मुलगी बसवणार नाही, असं ती म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेक परत गेला. टाळ्यांनी गंगाजळी भरत नाही, हे तिला त्याच दिवशी घरी जाताना कळलं होतं.

म्हणून यंदाची भट्टी. दरवर्षी शाळा लहानशी लावायची, यंदा मेलेआनाने दुपटीहून मोठी लावायची ठरवली आणि थाळीमागे एक अशी ढिगाने तिकिटं खपवली. खड्डा खणला, लाकूड आलं, आणि दगड कमी पडले. भट्टीचे दगड काही कुठलेही चालत नाहीत. भरीव दगड तापला की फुटतो आणि त्याचे तुकडे माणसाच्या डोळ्यात जातात. बारीक छिद्रांचा, हलका दगड लागतो, आणि ज्याच्याकडे तो असतो तो लग्नातल्या भांड्यांसारखा जपून ठेवतो, मागून मिळत नाही. केकोआ म्हणाला, मी आणतो. केकोआ त्या नव्या हॉटेलच्याच कंत्राटदाराकडे ट्रक चालवायचा. पोटासाठी करतो, असं तो म्हणायचा. त्याने ट्रकभर दगड आणून ओतले, एकाहून एक सरस. माळावर नेमके कुठून आणले, हे मेलेआनाने विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं आणि तिने ते गिळलं.

आता प्रवाळ मुठीत दाबून ती केकोआला शोधायला निघाली. तो गुदामामागे केळीचे खुंट ठेचत बसला होता. तिने मूठ उघडली.

"हे कुठून आलं?"

"दगडांबरोबर आलं असेल. मला काय माहीत?"

"केकोआ, दगड कुठले?"

त्याने कोयता खाली ठेवला आणि मान खाजवली. लहानपणी काच फोडली की तो अशीच मान खाजवायचा.

"ताई, आधी ऐकून घे. मी भिंतीला हात लावलेला नाही. मशीनवाल्यांनी कुणाला न कळवता आधीच सगळं ढकलून रस्त्याच्या कडेला ढीग घातला होता. भराव म्हणून गाडून टाकणार होते. म्हटलं, मातीत जाण्यापेक्षा शाळेच्या कामी येतील."

"पुउहालेचे?"

"मग दुसरे कुठले मिळणार होते इतके?"

 जाळ विझवू या, असं मेलेआना पुटपुटली. काय सांगून विझवणार, असं केकोआने विचारलं. थाळ्या यायला लागल्या आहेत, माणसं हिलोहून निघाली आहेत, आणि दगड आता तसेही तापले, विझवून ते काय पुन्हा भिंतीत जाऊन बसणार आहेत? झाकली मूठ राहू दे ताई, तो म्हणाला, तुला माहीत, मला माहीत, तिसऱ्या कानाला कळायचं कारण नाही. त्याचा आवाज मोठा होता, पण पुन्हा कोयता उचलल्यावर त्याने ठेचलेलाच खुंट परत ठेचायला घेतला. तिला ते दिसलं आणि तिची भीती आणखी वाढली. केकोआ कशाला घाबरत नाही, अशी तिची आजवर समजूत होती.

ती मैदानात परत आली. भट्टीपाशी अंकल हायरम उभा होता, बनियन घामाने चिकटलेलं, तोंड अखंड चालू. गावातली भट्टी म्हटली की अंकल हायरमच, आणि त्याला ते पुरतं ठाऊक होतं. भट्टीजवळ भांडायचं नाही, शिवी द्यायची नाही, मनात कुजकं ठेवायचं नाही, नाहीतर मांस कच्चं राहतं, हा त्याचा नियम. आल्यागेल्याला तो ऐकवत होता. मेलेआना दिसताच त्याने हाक मारली आणि दगडांकडे बोट केलं. असे दगड मी जन्मात पाहिले नाहीत, म्हणाला, बघ कसे लाल होतायत, एक फुटला नाही, तुझ्या भावाला सांग हे दगड आता शाळेचे, कुणाला द्यायचे नाहीत. मेलेआनाने मान डोलावली. त्याला सांगायचं म्हणूनच ती आली होती. तोंड उघडलं, आणि पाणी आणू का, असं विचारलं. त्याने आण म्हटलं. ती पाणी आणायला गेली.

पाण्याच्या नळाशी ती बराच वेळ उभी राहिली. तिचे हात दगडाखाली सापडले होते, आणि या खेपेला ती नुसती बोलायची म्हण नव्हती. सांगावं तर भट्टी आत्ताच्या आत्ता विझते, तिकिटांचे पैसे परत जातात, गंगाजळी रिकामी राहते आणि पुढच्या वर्षी नापुआ बस पकडून हिलोच्या सरकारी शाळेत जाते, जिथे तिच्या भाषेत तिच्याशी बोलणारं कुणी नाही. न सांगावं तर जी माणसं वाचवायला मुलं रस्त्यात बसली, त्यांच्याच उशाचे दगड तापवून त्याच मुलांच्या ताटात जेवण वाढायचं. आणि मातीखालची माणसं काय करतील? ती शिकलेली बाई, हिशेबनीस, हॉटेलात परदेशी पाहुण्यांना भुताखेतांच्या गोष्टींवर हसताना पाहिलेली. पण नळाच्या पाण्याचा आवाजही तिला कुणीतरी घसा खाकरल्यासारखा वाटत होता, आणि नापुआ कुठे आहे हे ती दर थोड्या वेळाने मान वळवून पाहत होती.

दुपारी थाळ्यांची रीघ लागली. माणसं हसत होती, एकमेकांच्या टर्कीच्या आकारावरून टोमणे मारत होती. आंटी वायोलाही आली. तिच्या नातवाने तिला गाडीतून उतरवून खुर्चीत बसवलं, भट्टीच्या अगदी समोर. पुउहालेच्या भिंतींमागे जी माणसं आहेत, ती आंटी वायोलाची माणसं. हॉटेलविरुद्धचं सगळं भांडण तिनेच चालवलं होतं, काठी टेकत कोर्टाच्या पायऱ्या चढली होती. शाळा निघाली ती तिच्याच ओसरीवर, आणि यंदा सगळ्यांत जास्त तिकिटंही तिनेच खपवली होती. जाळाकडे बघत ती म्हणाली, काय सुंदर जळतंय, आणि दोन्ही हात शेकायला पुढे केले. मेलेआनाला ते बघवेना. ती जायला वळली, तर म्हातारीने तिचा हात धरला.

"जाळाजवळ उभी असून तुझे हात एवढे गार का गं?"

"दमलेय, आंटी."

"दमलीस की घाबरलीस?"

मेलेआना हसली. हसू कसं दिसलं असेल देव जाणे. शाळेचं काय होईल, त्याची काळजी वाटते, असं ती म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. आंटी वायोलाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळला. तू आहेस म्हणून शाळा आहे, म्हणाली, बाकी आम्ही नुसते तोंडपाटील. मेलेआनाच्या दुसऱ्या हातातलं प्रवाळ तळव्यात रुतलं होतं. हीच वेळ होती. कुणी जवळ नव्हतं, म्हातारीने स्वतःहून हात धरला होता, दोन शब्द बोलायचे होते. मेलेआनाने म्हटलं, थाळ्या बघून येते.

मग अंकल हायरमने आरोळी दिली, माणसं पुढे झाली, लाल दगड लांब दांड्यांनी सपाट केले, केळीचे खुंट पडले आणि फसफसून वाफ उठली. ती वाफ मैदानभर पसरली, तेव्हा सगळ्यांनी मिळून आनंदाने हुंकार भरला, आणि मेलेआनाने श्वास रोखून धरला. वाफेतून काही दिसेल, काही ऐकू येईल, असं तिला वाटत होतं. काही झालं नाही. थाळ्या गेल्या, पानं गेली, गोणपाटं गेली. माती टाकायला सगळेच फावडी घेऊन धावले आणि एक फावडं कुणीतरी तिच्याही हातात दिलं. तिने माती टाकली. आपणही कुणाला तरी पुरतोय, असं तिच्या मनात आलं.

रात्र कशी गेली, ते विचारू नका. नापुआला तिने आपल्या अंथरुणात घेतलं, आणि पोरीचा श्वास जरा खोल गेला की ती दचकून बसत होती.

पहाटे मैदानात गाड्यांची रांग लागलेली होती. माणसं बर्फाच्या रिकाम्या पेट्या घेऊन उतरत होती, थंडीने हात चोळत होती. भट्टीच्या मातीतून कुठेच वाफ सुटलेली नव्हती, म्हणजे मांस चांगलं शिजलं असणार, असं अंकल हायरमने जाहीर केलं. वास मात्र सुटला होता, भूक चाळवणारा वास. केकोआ दूर ट्रकला टेकून उभा होता, जवळ येत नव्हता.

आमच्या शाळेत मुलं अशीच आत शिरत नाहीत. रोज सकाळी दाराबाहेर रांगेत उभी राहतात आणि हाळी घालतात, सुरात, जुन्या शब्दांत. आम्ही आलो आहोत, आत यायची परवानगी द्या. मग आतून कुणीतरी मोठं माणूस सुरातच उत्तर देतं, या. उत्तर आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. रानात गेली तरी तेच, समुद्रावर गेली तरी तेच, आणि भट्टी उघडतानाही तेच, कारण मातीखालचं जेवण मागून घ्यायचं असतं. उत्तर एरवी अंकल हायरम द्यायचा. आज तो मेलेआनाकडे वळला.

"तू दे. यंदाची भट्टी तुझी आहे. सगळं तूच केलंस."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने नको नको म्हटलं, पण तिला ढकलतच मातीच्या ढिगापलीकडे नेऊन उभं केलं. समोर मुलं रांगेत उभी राहिली, झोपेतून उठलेली, केस नीट न विंचरलेली. दुसऱ्या ओळीत नापुआ. मुलांनी हाळी घातली. पातळ, थंडीने कापरे आवाज, पण एका सुरात. मेलेआनाने ती हाळी शेकडो वेळा ऐकली होती आणि आजवर तिला ती गाणं वाटायची. आज ती नुसता प्रश्न होती. मुलं विचारत होती, आणि ती ज्यांना विचारत होती त्यांच्या वतीने मेलेआनाने या म्हणायचं होतं.

तिने तोंड उघडलं. मग मिटलं. कुणाच्या वतीने म्हणू, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. तिचा घसा बसलाय, पाणी द्या, असं कुणीतरी म्हणालं. मुलं थांबली होती. मग त्यांना शिकवलं होतं तसं, उत्तर आलं नाही म्हणून, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हाळी घातली.

मेलेआना ढिगाला वळसा घालून आंटी वायोलाच्या खुर्चीपाशी गेली. तिथे ती खाली बसली. तिने मूठ उघडून ते प्रवाळ म्हातारीच्या मांडीवर ठेवलं.

"आंटी, खालचे दगड पुउहालेचे आहेत. तुमच्या माणसांचे. मला काल सकाळीच कळलं होतं."

हाळी संपली आणि मैदानात कुणी हलेना. तिचे शब्द जवळच्यांनी ऐकले, त्यांनी मागच्यांना सांगितले, कुजबुज गाड्यांच्या रांगेपर्यंत गेली. अंकल हायरमच्या हातातलं फावडं खाली पडलं. मी तापवले ते, माझ्या हाताने तापवले, असं तो दोनतीनदा म्हणाला आणि आपले तळवे उलटेपालटे करून बघू लागला. हिलोकडचा एक माणूस म्हणाला, अहो पण आमची टर्की, घरी पंचवीस माणसं येणार आहेत, आणि त्याच्या बायकोने त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं. मेलेआना मान खाली घालून बसली होती. आता शिव्या येतील, आता कुणीतरी मारेल, असं तिला वाटत होतं, आणि ते आलं असतं तर बरं झालं असतं.

आंटी वायोला प्रवाळाकडे बघत होती. तिने ते उचललं, अंगठ्याने पुसलं, आणि पदराला गाठ मारून ठेवावं तसं ब्लाउजच्या आत ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायची तिने काही धडपड केली नाही. मग नातवाला बाजूला सारून ती काठीवर उठली आणि मातीच्या ढिगापलीकडे, मेलेआना मघाशी उभी होती तिथे, जाऊन उभी राहिली.

तिथे उभी राहून तिने मुलांना उत्तर दिलं. सुरात दिलं, पण उत्तरात एकच शब्द होता. नाही.

आमच्या शाळेत हे उत्तर कधी कुणी दिलेलं नव्हतं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, शिक्षिकेकडे पाहिलं. म्हातारी साध्या आवाजात पुढे बोलली. खाली जे आहे ते आता खालच्यांचं, म्हणाली, उघडायचं नाही, दगड निवले की आपण सगळे मिळून परत नेऊ. ज्यांचं मांस आत आहे त्यांनी माझ्या घरी यावं, भात आहे, मासे आहेत, पुरतील तेवढे खा. आणि ज्यांना पैसे परत हवेत त्यांना आजच परत मिळतील. शाळेचं काय, असं कुणीतरी विचारलं.  उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलं अजून उभीच होती. मग पुढच्या ओळीतली सगळ्यांत मोठी मुलगी वाकली, जमिनीकडे मान लववली, आणि वळली. तिच्यामागे दुसरी वळली. नाही असं उत्तर आलं तर काय करायचं, हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलेलं होतं, फक्त कधी करायची वेळ आली नव्हती. एकामागून एक वाकून, न बोलता, ती रांगेने गवतातून मागे चालू लागली. कुणी रडलं नाही, कुणी भूक लागली म्हटलं नाही. नापुआही वाकली आणि वळली, आणि आईकडे तिने पाहिलं नाही, कारण रांगेत असताना इकडेतिकडे बघायचं नसतं.

मेलेआना बघत राहिली. एवढं चांगलं शिकलेली पोरं, आणि पुढच्या वर्षी यांना शिकवायला कोण असणार, हे मनात आलं आणि तिला जी भीती वाटली, तिच्यापुढे कालपासूनची सगळी भीती पोरखेळ होती. ती उठली आणि ढिगाकडे निघाली. निदान माती तरी नीट लिंपावी, काहीतरी करावं, असं तिला वाटत होतं. आंटी वायोलाने काठी आडवी धरली.

"इथे नको येऊस. नाही म्हटलं ते तुलाही म्हटलंय. जा, त्यांच्याबरोबर जा."

मेलेआना वाकली. मग जाऊन मुलांच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली, आणि रांग चालली तशी चालू लागली.